पंक्याचा गेम

पोशेरा, ता. मोखाडा
१२ नोव्हेंबर २०२५

पंक्या,

आशीर्वाद राखून ठेवलेत. आधी शिव्या घे, त्यातून उरलास तर बाकीचं बघू.

अक्षर तुझ्या वहिनीचं, चंदनाचं आहे. तोंड माझं. ती विचारते, "आजी, शिव्या लिहू की गाळू?" लिही म्हटलं. गाळल्यास तर पत्रात उरेल काय, तारीख?

तानीनं तुझी खबर आणली. आपल्याच पाड्यावरची पोर भिवंडीच्या त्या गोदामात खोकी चिकटवते आणि तू तिच्यासमोर तीच खोकी उचलतोस, हे आधी मला कळलं, तुझ्या भावाला, उमेशला नाही. तुझा फोन पळताना दुकानातच पडला. तो आता तुझ्या भावाच्या खिशात असतो. म्हणून हे कागदाचं काम. तानी उद्या परत निघाली की तिच्याच पिशवीतून येईल.

भावाचा हात सांगते. टाके निघाले. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं नाहीत ती नाहीतच. दवाखान्यात त्यानं सांगितलं, भात कापताना कोयता लागला. डॉक्टर म्हणाले, "उजव्या हातात कोयता, मग लागला उजव्याच हाताला कसा?" हा म्हणाला, "मी डावरा आहे." त्या दिवसापासून खरंच डावरा झालाय. मागच्या केळी रोज डाव्या हातानं तोडतो. सगळ्या आडव्या झाल्या. परवा कोंबडा कापायला घेतला तर मान पहिल्या घावात सुटली नाही. कोंबडा अर्धी मान लोंबत अंगणभर पळाला. ओट्यावर रक्त, माझ्या लुगड्यावर रक्त. मी म्हटलं, "अरे, त्याचा जीव घे, त्याच्या मानेवर शाळा कशाला भरवतोस?" तो म्हणाला, "हात बसला पाहिजे, आजी." मला बरं वाटलं. पोरगा पुन्हा कामाला लागतोय.

डॉक्टरला काही सांगो, मी तिथंच होते. वाघबारशीच्या आदल्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर, जव्हारला, तुमच्या दुकानात. पोरं तासावर कॉम्प्युटरवर खेळायला येतात त्या गार खोलीत, कोपऱ्याच्या खुर्चीवर. लोकांचे भाऊ बांधावरून भांडतात. तुम्ही भांडलात ते खेळ कुठल्या दुकानातून घ्यायचा यावरून, आणि ती दुकानं तरी कुठं, कॉम्प्युटरच्या काचेच्या आत! तू मला समजावलं होतंस, मी कोंबड्यांवरून समजून घेतलं होतं.

एक खुराड्याचं दुकान. पैसे दिले की कोंबडी आपली, पण राहायची दुकानदाराच्याच खुराड्यात. आपण जायचं, नाव सांगायचं, दाणे टाकायचे, अंडं खायचं, परत यायचं. माल भरपूर, थोडं खेळून नाही आवडलं तर परतही घेतात, आणि सगळे दोस्त तिथंच जत्रेसारखे. दुसरं पाटीचं दुकान. कोंबडी पाटीत घालून हातात देतात. घरी न्या, झाकून ठेवा, उद्या दुकानाला कुलूप लागलं तरी तुमची ती तुमची. पण जाती थोड्या, नवा कोंबडा उशिरा येतो, कधी येतच नाही. तिसरं वाणाचं दुकान. दर आठवड्याला काहीतरी फुकट वाटतं, संक्रांतीच्या वाणासारखं. घरात ढीग होतो, उघडून कोणी बघत नाही.

तू खुराड्याचा, उमेश पाटीचा. दुकान दोघांचं, खेळ दोघांनी मिळून घेतलेले, आणि खुराड्यावर नाव एकट्या पंकजचं. उमेशला मोखाड्याला वेगळं दुकान टाकायचं होतं. म्हणाला, निम्मे खेळ दे. तू म्हणालास, "निम्मे होत नाहीत. खातं एकाचं ते एकाचंच. दुकान वाटण्या करून देत नाही." तो म्हणाला, "चोर आहेस." तू हसलास. तिथं हसायचं नव्हतं, पोरा. त्यानं लोखंडी स्टूल उचललं आणि तुझा तो मोठा कॉम्प्युटर फोडला, काच फुटली, आतली पंख्याची पाती बाहेर आली. आणि तू त्याच्याच कमरेला लाकडी आकडीत अडकवलेला कोयता उपसून त्याच्याच हातावर घातलास. हात बटणांच्या पाटीवर होता. बोटं तिथंच राहिली, जशी काही टाइप करत होती.

तू पळालास. ती बोटं मी उचलली. पदरात घेऊन दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, बर्फातून आणायची होती. मी म्हटलं, समोर आइस्क्रीमवाला आहे, आणू का? नको म्हणाले.

तुमच्या खेळात रक्त पडतं आणि आपोआप नाहीसं होतं. तुमच्या दुकानातलं मी आणि चंदनानं पुसलं, वर राख टाकली, तरी खुर्चीच्या चाकात राहिलंच.

आता चांगली बातमी ऐक. उमेशनं पोलिसात तुझं नाव दिलं नाही. आणि काल माझ्याजवळ येऊन बसला, किती दिवसांनी हसला. म्हणाला, "आजी, पंक्याचा गेम करायचा आहे. कुठं असतो तो?" मला भरून आलं. एकमेकांना दुकानातून खेळ भेट पाठवता येतो, हे तूच मला सांगितलं होतंस. आपण कुणाचं केळवण करतो, कुणाचं डोहाळजेवण करतो, तसा तो तुझा गेम करणार आहे. मी त्याला सगळं सांगितलं. गोदाम, गोदामाचं गेट, मागच्या चाळीतली तुझी खोली. तो म्हणाला, "स्वतः जाऊन करतो, आजी. लांबून केलेल्यात मजा नाही."

आत्ता ओट्यावर बसलाय. कोयत्याला धार लावतोय. आला की नीट वाग. भेट आणली तर दोन्ही हातांनी घे.

तुझी आजी, पुतळी. अंगठा खाली आहे.

(भाऊजी, या ओळी आजींच्या नाहीत, माझ्या आहेत. त्यांना शब्द कळलेला नाही. हे ओट्यावर आहेत म्हणून मी त्यांना आत्ता सांगू शकत नाही. पत्र हातात पडेल तेव्हाच खोली सोडा. कपडेसुद्धा घेऊ नका. चंदना)

*

पोशेरा, खळ्यावर
१७ नोव्हेंबर

पंक्या,

जिवंत आहेस ना? असशील तर पुढं वाच. नसशील तर वहिनीची शाई फुकट गेली.

हे घरात सांगत नाही, खळ्यावर सांगते आहे. भात झोडायचं निमित्त आहे. माझं पत्र तानीच्या पिशवीतून गेलं आणि चंदनानं मला हातपंपावर गाठलं.

"आजी, गेम करणं म्हणजे खेळ घेऊन देणं नव्हे."

"मग?"

"माणूस संपवणं. तिकडे ठाण्या-मुंबईला असंच बोलतात. हे तिथं कामाला होते ना."

"मग मारणं म्हणावं की! सरळ शब्द काय महाग झालाय?"

हसू नकोस. हंडा हातातून सुटला आणि माझ्याच पायावर पडला. मी त्याला तुझा पत्ता दिला होता, केळवणाचं आमंत्रण द्यावं तसा, गेटपासून दारापर्यंत. मग चंदना म्हणाली की तिनं पत्राखाली आपल्या ओळी घातल्या. म्हणजे मी त्या ओळींखाली अंगठा लावला! आयुष्यभर न वाचता अंगठे लावले, फायदा पहिल्यांदा झाला.

तू निघून गेलास ते तानीनं कळवलं, हे पत्रही तीच पोचवील. तुझ्यामागे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. उमेश भर दुपारी तिथं पोचला. तुझ्या जागेवर तुझ्या खोलीतला सोबती लहान्या झोपला होता, रात्रपाळी करून आलेला, तोंडावर गोधडी ओढून. यानं विचारलंही नाही. गोधडीवरूनच घातला. कोयता डाव्या हातात फिरला आणि उलटा बसला, म्हणून ते पोर वाचलं. पुढचे दात गेले, जबडा बांधलाय, पोलिसांना अजून कोणी उमेशचं नाव सांगितलेलं नाही. दुसरा घाव खांद्यावर सुलटा बसला. मग यानं गोधडी ओढून बघितलं तर लहान्या. तानी सांगते, गोधडीतल्या चिंध्या लाल होऊन त्याच्या तोंडात शिरल्या होत्या, ओरडताही येत नव्हतं.

आणि हा घरी आला, हात धुतले, पाटावर बसला, सुकट मागितली. मी विचारलं, "झाला का गेम?" म्हणाला, "माणूस चुकला." जशी एसटी चुकली म्हणतात तसं.

मी ताट उचललं. म्हटलं, "माझ्या घरात रक्ताच्या हातानं जेवायचं नाही." तो म्हणाला, "धुतलेत ना, डोकरे." आणि ताट माझ्या हातातून घेतलं. मग चंदनाकडे वळला. "त्याला खबर कुणी दिली?" ती चुलीत लाकूड सारत राहिली. त्यानं तिच्या कानाखाली अशी मारली की ती चुलीवर गेली. आत्ता लिहिते आहे ती मान वाकडी करून लिहिते आहे, डाव्या कानानं ऐकू येत नाही तिला. मला ओरडून सांगावं लागतं. खळ्यावर बसायचं हेही एक कारण.

(ओरडताना आजी मला मध्येच "बहिरे" म्हणतात. तेही लिही म्हणतात. चं.)

आता नीट ऐक. तू नाशिकला आहेस. मला खोली सांगू नकोस, चंदनालाच कळव. मला कुणी हसून विचारलं की मी सांगते, हे सिद्ध झालंय. पण तू नाशिकला आहेस हे उमेशला मी सांगितलेलं नाही. तुझ्या दुकानानं सांगितलं. खुराड्याच्या.

काल फोन घेऊन माझ्यासमोर धरला. म्हणाला, "बघ आजी, तुझा लाडका." मला काय दिसणार, काळ्यावर पांढरं. त्यानं वाचून दाखवलं. तुझं खातं त्याच्या फोनवर पहिल्यापासून उघडं आहे. कोण कुठल्या गावातून आत शिरलं ते तिथं लिहून येतं. आधी भिवंडी होतं, आता नाशिक. तू शिरलास की तुझ्या नावापुढं दिवा लागतो, कुठला खेळ खेळतोस तेही येतं. आत शिरायची खूण, म्हणजे तो पासवर्ड, बदलायची तर आकडा येतो तो तुझ्या जुन्या फोनवर, आणि तो फोन त्याच्या खिशात. म्हणजे खुराडं तुझं, कुलूप तुझं, किल्ली त्याची.

तर मी काय सांगते ते ऐक. त्या दुकानात पाऊल टाकू नकोस. खेळल्याशिवाय जीव जात असेल तर पाटीच्या दुकानातून घे. चंदना म्हणते, तिथला खेळ पेन ड्राइव्हवर घेता येतो, मग नेट लागत नाही, नाव सांगावं लागत नाही, दिवा लागत नाही. कोणाला कळत नाही तू कुठं बसून कुणाला मारतोस. तसा खेळ खेळ. नाहीतर पत्ते खेळ.

आजी

*

पोशेरा
२५ नोव्हेंबर

पंक्या,

तुझं उत्तर चंदनानं वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा वाटलं तिला ऐकू येत नाही तसं मला पण येईनासं झालं.

तू लिहितोस, पाटीच्या दुकानात तुझा तो बंदुकांचा खेळ मिळतच नाही. बरं. वाणाच्या दुकानात एकदा फुकट मिळाला होता, पण तिथून खेळलं तर तुझी इतक्या वर्षांची कमाई, ती पदकं, त्या रंगवलेल्या बंदुका खुराड्यातच राहतील. आणि तुझी टोळी खुराड्यात वाट बघत असते. म्हणून तू नाशिकच्या एका गेमिंग कॅफेत जाऊन खेळतोस, "पण मी न दिसणारा करून ठेवलाय स्वतःला, आजी."

अरे शहाण्या! न दिसणारा कोणाला? दोस्तांना. उमेश तिथं तुझा दोस्त म्हणून शिरत नाही. तो तू म्हणूनच शिरतो. तुझं नाव लावून तुझ्याच घरात बसलाय, तुझ्याच खाटेवर, आणि तू दारातून "मी दिसत नाही" म्हणत आत येतोस.

तुला कमाई सोडवत नाही. लहान्या अजून पेज पितो, ओठाच्या कडेनं सांडते. त्याच्या दातांचं पदक मिळतं का तुमच्यात?

परवा संध्याकाळी दिवा लागला होता तुझा. उमेश जेवता जेवता उठला. चंदनाला म्हणाला, "तो कॅफेत बसतो. त्याचा कॉम्प्युटर मी फोडलाय, दुसरा कुठून येणार? असल्या कॅफे नाशकात असतील किती? बोटांवर मोजण्याइतक्या." मग हात वर धरून बघितला. "माझ्या उरलेल्या बोटांवर."

मी हसले. काय करू, विनोद चांगला होता. मग रात्रभर तोंडात पदर घालून पडले.

सोमवारी सकाळच्या नाशिकच्या गाडीनं जायचं ठरवलं त्यानं. कोयता गाडीत दिसू नये म्हणून चंदनाला पोत्याची पिशवी शिवायला लावली, आत लांब खिसा. तिनं शिवली. शिवली नसती तर त्यानं तिच्यावरच धार बघितली असती. मी समजावलं. म्हटलं, दोन बोटं गेली, भाऊ जाईल. म्हणाला, "भाऊ त्याच दिवशी गेला." म्हटलं, फासावर जाशील. म्हणाला, "हात धड नाही, माऊस धरता येत नाही, घास नीट धरता येत नाही. फासाला काय बोटं लागतात?"



तर तो गेलेला नाही. निघायच्या तयारीत होता आणि पडला. उजव्या पायाची नडगी मोडली. दवाखान्यात आहे. पायरी ओली होती, मीच पाणी सांडलं होतं, लक्षात राहिलं नाही. म्हातारपण. तू काळजी करू नकोस, आणि त्या खुराड्यात जाऊ नकोस.

आजी

(भाऊजी, पायरी कोरडी होती. चं.)

*

पोशेरा, खळ्यावर
१ डिसेंबर

पंक्या,

तुझ्या वहिनीनं मागच्या पत्राखाली काय घातलं ते काल तिनं कबूल केलं. म्हणे, "तुम्ही खोटं सांगितलंत, मला लिहायला लाज वाटली." माझ्या पत्रात मला न विचारता खरं घालायला हिला लाज वाटली नाही! असो. पायरी कोरडी होती. ऐक.

त्या सोमवारी सकाळी मी अंगणात तांदूळ सडत होते. उमेश ओट्यावर बसून बूट घालत होता. एका हातानं नाडी बांधता येत नाही त्याला, म्हणून पाय लांब करून पायरीवर टेकवला होता आणि चंदना खाली बसून बांधत होती. शेजारी ती पिशवी. मी मुसळ वर घेतलं, उखळात घालायला म्हणूनच घेतलं. ते वर असताना माझी नजर त्या पायावर गेली. हा पाय आता चालत जाणार, गाडीत चढणार, माझ्या एका नातवाकडून दुसऱ्या नातवाकडे जाणार. मी म्हटलं, "चंदना, हात काढ." तिनं काढला. पोरीनं का म्हणून विचारलं नाही, एवढं मी तिचं मानते.

घातलं मी. सगळ्या अंगाचं बळ लावून. वाळलेला बांबू पेटतो तेव्हा फुटतो ना, तसा आवाज झाला. हाड बाहेर नाही आलं, पण जिथं पाय सरळ असतो तिथं कोपर झालं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग ओरडला तो वरच्या पाड्यावर ऐकू गेला. पडल्या पडल्या पिशवीतला कोयता काढला आणि डाव्या हातानं माझ्यावर फेकला. केळी उगाच नाही तोडल्या त्यानं. दाराच्या चौकटीत रुतला, माझ्या कानाशेजारी, डोक्यावरचा पदर कापून. मी म्हटलं, "हात बसला रे तुझा." आणि मग खालीच बसले.

दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं. एक हवालदार आला, तरुण, मिशी नुकतीच फुटलेली. उमेशनं सांगितलं, "पडलो." का सांगितलं कोण जाणे. लाज वाटली असेल, आजीनं मोडला म्हणायला.

मी म्हटलं, "खोटं बोलतो. मी मारलं, मुसळानं."

हवालदार हसला. "आजी, तुम्ही घरी जा, आराम करा. तुम्हाला काठी तरी धरवते का?"

मला राग आला. इतकं केलं आणि नावावर लागेना. म्हटलं, "साहेब, मी खोटं बोलत असेन तर हा सांगेल. काय रे उमेश? सांगतोस, की दुसरा पाय आहे अजून?"

उमेश छताकडे बघत होता. म्हणाला, "डोकरे, मारशील तू मला."

"मारीन. तुझ्या भावाला मात्र मारू देणार नाही. आणि त्यालाही तुला."

"त्यानं मारलंच ना मला!" केवढ्यानं ओरडला. सगळ्या खाटांवरचे लोक उठून बसले. "माझी बोटं बघ! तू त्याचीच!"

"मी दोघांची. त्याचा पाय हाताशी असता तर त्याचाही मोडला असता. तो पळाला, तू सापडलास."

तेव्हा तो रडला, पंक्या. बोटं गेली तेव्हा नव्हता रडला. हवालदाराचं हसू गेलं, त्यानं कागद काढला. आणि उमेशनं सगळं सांगितलं. बोटं भातात नाही गेली, भावानं तोडली, कुठं, कधी, कुठल्या कोयत्यानं. लहान्याचंही सांगितलं, स्वतःच्या तोंडानं. तुझ्यावर केस झाली. त्याच्यावर झाली. माझ्यावर करा म्हटलं तर हवालदार म्हणाला, बघू.

मला धरून तीन केस व्हायच्या, दोन झाल्या.

अजून एक सांगायचं आहे, ते ऐकून तुला काय होईल ते होवो. दवाखान्यात बसल्या बसल्या चंदना फोनमध्ये तुमच्या त्या खुराड्याचे नियम वाचत होती. वाचता वाचता थांबली. तिथं सोय आहे म्हणे. एका घरात राहणारे आपापली खाती कुटुंब म्हणून जोडू शकतात. मग एकाचे खेळ दुसऱ्याला खेळता येतात, वाटणी करावी लागत नाही. अट एकच, घर एक पाहिजे. तिनं उमेशला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "हे कधीपासून आहे?" ती म्हणाली, "आधीपासूनच." त्यानं आपला हात चादरीखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत पाणी मागितलं नाही.

तुम्ही दोघं त्या दुकानात इतकी वर्षं राहिलात, कोणी पाटी वाचली नाही. मी अंगठेबहाद्दर. तुमचं काय?

आता तो जामिनावर घरी आहे, प्लास्टरमध्ये. मी शपथ घे म्हटलं, पंक्याला हात लावणार नाही अशी. घेतली नाही. म्हणाला, "तो आपण होऊन पोलिसांत गेला तर मी कोर्टात बघून घेईन. नाही आला, तर पाय काय जन्मभर मोडका राहणार नाही." मी त्याला ओळखते. बोलला ते करील. दोन्हीतलं जे असेल ते.

म्हणून तू यायचं. पोशेऱ्याला नाही. जव्हारला उतरायचं आणि सरळ पोलीस ठाण्यात जायचं, मी हे केलं म्हणून सांगायचं. हसायचं नाही. आत जाशील, किती वर्षं ते मला माहीत नाही, मी असेन-नसेन. तुरुंगात तुला खुराड्यात शिरता येणार नाही, पाटी मिळणार नाही, वाण मिळणार नाही. पण मध्ये भिंत असेल आणि दोघंही भिंतीच्या आपापल्या बाजूला श्वास घेत असाल. मला एवढंच पाहिजे. दोन नातू, दोन्ही गरम.

मी ठाण्याच्या पायरीवर बसलेली असेन. पोलिसांच्या आधी माझी थप्पड खायची. थप्पड डाव्या हाताची असेल. का ते सांगते, पण तिथं कोणासमोर बोलू नकोस. चंदनालाही हे आत्ताच कळतं आहे, बघ कशी माझ्याकडे बघते. लिही गं, थांबू नकोस.

त्या सोमवारपासून माझा उजवा खांदा वर जात नाही. काहीतरी आत तुटलं. घास डाव्या हातानं खाते, सांगते की नवस केलाय. तांदूळ चंदना सडते, सांगते की मला कंटाळा आला. मुसळ मी उमेशच्या खाटेशेजारी भिंतीला लावून उभं ठेवलंय. येता-जाता त्यावर हात ठेवते. तो बघतो आणि गप्प बसतो.

प्लास्टर निघेल त्या दिवशी तो उठून ते मुसळ बाजूला करील, आणि मला काही करता येणार नाही. तेव्हा त्याला कळेल. त्याच्या आधी ये.

पुतळी